उमरेड, काउंटर चार

रात्री साडेअकरा. धंतोली, मुख्य शाखा, तिसरा मजला.
मे महिना अजून भिंतींत जागा आहे;
हात टेकला तर चटका नाही, ताप.
बँकेत थंड अशी एकच खोली, सर्व्हरची,
आणि तिच्यात मी, स्वेटर घालून.

आज 'खातेवही' काढायचं आहे.
सोनकुसरे सरांनी अठ्ठ्याण्णव साली लिहिलेलं,
एकट्यानं, महालातल्या घरी, लोडशेडिंग सांभाळत.
नवं येऊन सहा महिने झाले,
हे दोनशे अकरा मशिनींवर उगीच पडून.
सर परवा बर्डीवर भेटले, चष्म्याच्या दुकानात.
मी काही बोललो नाही.

एक ओळ लिहिली. एंटर.
काटोल गेलं. सावनेर गेलं.
रामटेकची तीन, हिंगण्याची सात.
कुठे खुर्ची सरकली नाही,
अंधाऱ्या शाखांत एखादा दिवा लुकलुकला असेल
आणि पडद्यावरचा एक चौकोन नाहीसा.
पूर्वी याच कामाला मी एसटीनं जायचो,
सीडी डब्यात, डबा पिशवीत.
मौद्याचा कॅशियर आधी तर्री-पोहे खाऊ घालायचा,
मग की-बोर्ड द्यायचा.

सरांनी त्यात एक खोडी करून ठेवली होती.
संध्याकाळी हिशेब जुळला, की पडद्यावर यायचं:
'दिवस बंद झाला. पंखा बंद करा. घरी जा.'
हिशेब जुळला नाही, तर:
'पाणी प्या. पुन्हा मोजा.'
नवं काही म्हणत नाही.
हिरवी खूण करतं.

साडेबारा. दोनशे दहा.
एक उरलं. उत्तर नाही.
पुन्हा पाठवलं. उत्तर नाही.
शेवटी शाखेत फोन लावला.
चौकीदार झोपेतून आला.
"रामाजी, चार नंबर चालू करा ना जरा."
"वायरच नाही जी त्याले.
बारापात्रे मॅडम रोज जाताना
पर्समधी घालून नेते. सकाळी लावते."
"काऊन?"
"आता मले काय मालूम.
तुमची ते नोटीस आली, तवापासून."

त्याच्या मागे कूलर घरघरत होता,
बारीक आवाजात कुणाचं तरी कीर्तन, रेडिओवर.
मी म्हटलं, झोपा.

अहवालात कारणाचा रकाना
रिकामा सोडता येत नाही.
बोटं थोडा वेळ की-बोर्डवर नुसती राहिली.
मग टाइप केलं:
उमरेड, काउंटर चार. वीज नव्हती.