ऊमा म्हणजे एक

तावडे हॉटेलपाशी पहाटे साडेचारला उतरले
तर रिक्षावाला बॅगेकडं बघून म्हणाला,
"मागनं कोण येणार हाय काय?"
कोणी नाही म्हटलं.
तरी रिक्षा चालू करायच्या आधी
त्यानं बसच्या दाराकडं एकदा बघून घेतलंच.

नऊ दिवस पोर्तोत होते.
उद्यमनगरातल्या फौंड्रीत सत्तावीस वर्षं
दुसऱ्यांच्या ओतकामाची बिलं लिहिली,
त्या पीएफातनं गेले.
जाताना राजारामपुरीत कुणाला बोलले नव्हते.
आता नवव्या गल्लीपासून अकराव्यापर्यंत
सगळ्यांचा प्रश्न एकच:
एकटीच?

सिंधूवहिनी विचारतात, जेवायला काय मिळायचं गं?
बटाटा, मी म्हणते.
तिथंही बटाटाच म्हणतात त्याला.
त्यांना थट्टा वाटते.
घरमालकीणबाईनं पहिल्या दिवशी
हातात जड लोखंडी किल्ली ठेवली, म्हणाली, "शाव."
आमचीच चावी, नुसती बोबडी झालेली.
चौपन्न वर्षांत
माझ्या एकटीची म्हणावी अशी ती पहिलीच.
इथल्या चावीच्या चार नकला आहेत,
त्यातली एक शेजारी.

नदीकाठच्या खानावळीत पोरगेला वाढपी
माझ्यामागच्या रिकाम्या जागेत न बघता
एक बोट वर करून म्हणाला, "ऊमा?"
मी चरकलेच.
ह्याला माझं नाव कुणी सांगितलं?
मग फोनवर बघितलं.
बाई एक असली तर तिकडं ऊमा म्हणतात.
बाप्याला वेगळा शब्द आहे.

निखाऱ्यावरचा मासा आला.
काटे काढत बसले, माझ्याच ताटातले.
पोरं झाल्यापासून
गरम मासा खाल्लाच नव्हता मी.

भीती? वाटली की.
तिसऱ्या संध्याकाळी चढाच्या बोळात रस्ता चुकले.
ओले दगड, मागं बुटांचा आवाज.
पर्समधली कात्री विमानतळावरच काढून घेतलेली.
छत्री घट्ट धरली.
तो माझ्या पुढं गेला, एका दारापाशी थांबला,
खिसे चाचपत, स्वतःवरच वैतागत
शाव शोधत राहिला.
हे सिंधूवहिनींना सांगितलं नाही.
त्यांना अर्धंच ऐकू आलं असतं.

आणि एक दुपार पुलावर बसून रडले,
तेही नाही सांगितलं.
कारण असं काही नव्हतं. वारा होता.
कुणीही "काय झालं" म्हणून आलं नाही.
ते बरं वाटलं,
आणि नाहीही.

काल रात्री जेवणं उरकून चपला घातल्या.
"कुठं?" ह्यांनी टीव्हीवरनं नजर न काढता विचारलं.
"गंगावेशीत. दूध प्यायला."
"उद्या आणतो की मी."
"आणायचं नाही. प्यायचंय."

कट्ट्यावर म्हशी रवंथ करत उभ्या.
तालमीतली दोन पोरं, कान चुरगळलेले,
मला बघून जरा सरकली.
लहानपणी वडिलांबरोबर यायचे,
पण लांब, सायकलच्या दांडीवर बसून;
पेला ते तिथं आणून द्यायचे.
सर्जेराव धार काढता काढता म्हणाला,
"किती, वैनी?"
आणि माझ्या खांद्यावरनं मागं बघितलं,
गाडी लावून कोण येतंय का.

माझं बोट वर गेलं.
"ऊमा."
"आं?"
"एक. एकच द्या."

फेस नाकाला लागला. दूध
म्हशीच्या अंगाइतकंच ऊन.
पोरातला एकजण म्हणाला, "साखर नको व्हय, मावशी?"
नको म्हटलं.

बिंदू चौकातनं चालतच परत आले.
दारात पर्स उपसत उभी होते,
तेवढ्यात मागं पावलं वाजली आणि थबकली.
ड्युटीवरनं येणारी कोणी नर्स असावी,
ओढणी गच्च धरलेली.
मी उजेडात वळले,
मोठ्यानं सांगितलं,
"चावी शोधतीय बाई, चावी.
जा तू."