दाबू नका

ओल्या नावाची बाई भाड्याने राहायची आमच्याकडे, मांद्र्यात.
नाव खरंच तेच, हसू नका.
विमान धरायला गेली. मागे उरलं
थकलेलं पाणीबिल, बुटांचं एक खोकं,
खोक्यात लिंबाएवढं कासव.

उचललं तर पाठ अंगठ्याखाली दबली,
शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी.
म्हटलं, लहान आहे.
पोरांची टाळूही असते की अशी काही दिवस.
म्हणून रोज दाबून बघायचे,
भरली का, भरली का.

ठेवलं होतं खिडकीत. आमची खिडकी जुनी,
काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या,
ऊन आत येतं ते ताक होऊन.
लग्न होऊन आले तेव्हापासून तो उजेड माझा.
काकडी द्यायचे, बिया काढून.

म्हापशाचे डॉक्टर कुडतरकर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
गाळलेल्या उन्हाने कवच धरत नाही, बाई.
उघड्यावर न्या, अर्धी सावली ठेवा, पसरट बशीत पाणी.
काकडी बंद. जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला,
वर समुद्रफेन किसून.
आणि तो अंगठा आवरा.

समुद्रफेन!
काष्ठौषधीवाल्याकडे पुडी मागणार होते,
आणि ते आमच्या किनाऱ्यावर फुकट पडलेलं,
माणक्यांच्या पाठीतलं पांढरं हाड,
लहानपणी आम्ही त्याच्या होड्या सोडायचो.
खारटपणा जाईपर्यंत भिजवलं, उकळलं, वाळवलं.
नारळाच्या किसणीवर पीठ पाडताना वाटलं,
एकाच्या पाठीतलं काढून
दुसऱ्याच्या पाठीत घालतेय.

आता सकाळी आठ ते साडेनऊ अंगणात बसते, काठी घेऊन.
कावळ्याला मऊ पाठ लांबून कळते.
मनगट मोडलं तेव्हा मलाही ऊन सांगितलं होतं,
ते कुणी मनावर घेतलं!

तीन महिने झाले.
दर शनिवारी विर्नोडकर शेटच्या दुकानात वजन, सोन्याच्या काट्यावर.
काल चौतीस ग्रॅम. कडेला नवी फिकट रेघ,
दोऱ्याएवढी.
उजवीकडचा मागचा खड्डा तसाच आहे.
माझा अंगठा त्यात बरोबर बसेल.
बसवून पाहिला नाही.

शेट वाकले, बोट पुढे करून,
बघू, झालं का टणक?
मी पदरच आडवा धरला.
दाबू नका.

कासवाने मान लांब केली
आणि पितळेचं पारडं
चावून पाहिलं.