तात्पुरता अर्ज

सावद्याला बसस्टँडसमोर माझं दुकान.
पीकविमा, पॅनकार्ड, उत्पन्नाचे दाखले,
नवोदयचे फॉर्म, कोणाचं काय अडलेलं.
नजीर तडवी आला, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच.
"कुठला दाखला?"
"दाखला नही भाऊ. पेटंट."

गोणपाट सोडलं काऊंटरवर:
अर्धचंद्राचं पातं, लूनाची स्प्रिंग,
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
घडाच्या दांड्याशी लावायचं, दाबायचं,
फणी हातात येते, झोपलेलं पोर उचलावं तशी.
चीक सालीवर उतरत नाही.
डाग नाही, मग व्यापारी कशाला भाव पाडेल?

साइट उघडायला वीस मिनिटं.
अर्ज दोन तऱ्हेचे, मी वाचून दाखवलं,
एक तात्पुरता, एक संपूर्ण.
एकट्या माणसाला सोळाशे, मोठ्या कंपनीला आठ हजार.
"मी त एकलाच," तो म्हणाला
आणि हसला,
एकटेपणाला प्रथमच कोणी सूट दिली होती.

पण सोळाशे म्हणजे नुसता उंबरा.
तपासणीचे चार हजार वेगळे,
नकाशे काढणारा वेगळा,
जळगावच्या एजंटानं फोनवर तीस सांगितले,
"हजार" हा शब्द त्याला म्हणावासाही वाटला नाही.
मिळालंच तर पुढे वर्षाच्या वर्षाला पैसे,
घरपट्टीसारखे, नाही भरले तर घर सगळ्यांचं.
आणि परदेशात?
रावेरची केळी कंटेनरात बसून इराणला जातात,
कागदाला जायचं तर लाखात भाडं.

मग तो प्रश्न आला, जो मी हळूच विचारला:
आधी कोणी पाहिलंय का हे?
नजीरनं बोटं मोजली.
फैजपूरचे मजूर. सगळी तडवी वाडी.
भाच्यानं ईदला टाकलेला व्हिडिओ,
चार हजार लोकांनी पाह्यला,
एकानं तर लिहिलं, मस्त चाचा.

जे सगळ्यांनी पाहिलं ते नवं नाही.
असं मी नाही, कायदा म्हणतो.
पंखा फिरत राहिला.

"ही पट्टी नही त्याच्यात," तो बऱ्याच वेळानं बोलला.
"ही मागून लावली. हुरमतनं.
तिच्या तळव्याले फोड आले,
त तिनं ट्यूब कापून अशी आडवी फिरवली,
तवापासून पातं सरकत नही. मले समजलंच नव्हतं
का सरकत होतं."

मी रकान्यावर बोट ठेवलं: शोध लावणाऱ्याचं नाव.
दोघांचं घातलं तर फी वाढते का, त्यानं विचारलं.
नाही वाढत.
"मंग तिचं वर लिही."

पावती निघाली. सांगितलं, बारा महिने आहेत हाती,
बाग आज लावली असं धर,
घड उतरायला येईल तोवर संपूर्ण अर्ज,
नाहीतर लावलेलं सगळं वाया.
त्यानं मान डोलावली, हा हिशोब त्याला
माझ्याहून नीट कळत होता.

मग गोणपाट पुन्हा आवळलं, सुतळीची गाठ मारली,
दारात थांबला.
"तू काही पाह्यलं का रे?"
मी? मी तर सकाळपासून
विम्याचे फॉर्म भरतोय.