काटा न मोडणारे हात

बाहुलीला पाय नाहीत.
कमरेशीच संपते ती. निळ्या बॅगेतून निघते
आणि कँटीनच्या फरशीवर, वाफल्सच्या वासात,
तोंड उघडं टाकून पडून राहते.
अग्निशमन दलाचा आयलर्ट म्हणतो, हिला काहीही नाव द्या.
आम्ही कुणी देत नाही.

जानेवारी. वार्डोत सूर्य अजून परतलेला नाही.
दुपारी एक वाजता खिडकीत बंदराचे दिवे.
आज बारा जणांना पट्ट्यावरून सुट्टी, तीही पगारी,
म्हणून सगळ्यांचे चेहरे लग्नघरासारखे.

आधी खांदे हलवा, आयलर्ट सांगतो. हाक मारा.
श्वास बघा. दहा सेकंद, जास्त नाही.
मग एकाच माणसाकडे बोट करा:
तू. तू फोन लाव. एकशे तेरा.
‘कुणीतरी फोन करा’ म्हणालात
तर कुणीच करत नाही.

हे मला शिकवायला नको.

अठ्ठ्याण्णवचा मार्च, कॉडचा हंगाम.
ऑड-मांग्ने पट्ट्याशेजारी खाली वाकला,
वाटलं, बुटाचा बंद बांधतोय.
आमच्या बुटांना बंद नसतात.
आम्ही गोल करून उभे राहिलो, हातात सुऱ्या तशाच.
कुणी पाणी आणलं. कुणी त्याचे बूट काढले.
मी माझा कोट त्याच्या अंगावर घातला,
गळ्यापर्यंत, नीट,
थंडी वाजू नये म्हणून.
पट्टा चालूच होता.
मासे येत राहिले, टोकाशी साचत राहिले,
एकेक करून खाली पडत राहिले.

पाच सेंटिमीटर, आयलर्ट म्हणतो. छातीच्या मधोमध.
कोपर ताठ. अंगाचा भार टाका.
बरगडी मोडली तर मोडू दे,
आवाज येईल, थांबायचं नाही.

चौतीस वर्षं या हातांना एकच धडा:
काटा मोडायचा नाही.
सुरी काट्याच्या कडेनं न्यायची,
झोपलेल्याच्या उशाशी चालावं तशी.
मोडलेला काटा मांसात राहतो,
फोरमन पेटी परत आणतो
आणि काही न बोलता समोर ठेवतो.

मी दाबते.
आशिल्ड, तू तिला इस्त्री करतेयस, आयलर्ट म्हणतो.
सगळे हसतात. मीही.

शिवनेसन गुडघे टेकतो. एकतीस वर्षं माझ्या डाव्या हाताला
उभा असलेला माणूस,
पहिल्यांदाच त्याचं टक्कल मला वरून दिसतं.
तो तमिळमध्ये मोजतो, ओन्रु, इरण्डु, मून्रु,
घामाचा थेंब बाहुलीच्या हनुवटीवर पडतो,
बाहीनं पुसून तिला म्हणतो, माफ कर.
मग रासा, एकोणीस वर्षांची, कौनासची,
फुंकर मारते आणि मागे
तोंडावरच्या प्लास्टिकला गुलाबी ओठ ठेवून जाते.

पुन्हा माझी पाळी.
डोळे मिटले. भार टाकला.
टक्.
टक्. टक्. तीस. मान मागे, नाक बंद, दोन श्वास,
आणि छाती वर आली.
आत नुसती पिशवी आहे, माहीत होतं,
तरी आली.

एवढंच होतं?

चहाच्या वेळी आयलर्टला गाठून विचारलं:
रुग्णवाहिकेला सोळा मिनिटं लागली होती,
कोटाऐवजी हे केलं असतं तर?
त्या साली हा शाळेतच असणार.
त्यानं वाफल खाली ठेवलं.
कदाचित नसता वाचला, म्हणाला.
कदाचित वाचला असता. मला माहीत नाही.
खोटं बोलला नाही, त्याचे आभार.

कार्ड मिळालं, गुळगुळीत, माझ्या नावाचं.
दोन वर्षं चालतं.
म्हणजे विसरायचीही मुदत ठरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माशाला
काटा मोडला. टक्.
शिवनेसननं मान न वळवता विचारलं,
कितवा?
मी चिमटा शोधत होते.
हात गरम होते, आणि मला मोजायचं नव्हतं.