गळती

कुपवाडात, जेवणाच्या सुट्टीत
शिकलगारनं मिलिंगवर चर पाडले सतरा,
भंगार पॅनेलच्या बसबारमध्ये,
तळाला दीड मिलिमीटर राखून.
सतराच का?
"अठराव्याला कटर तुटला."

झाकण ॲक्रिलिकचं. खोबणीत ओ-रिंग.
नळी माशांच्या टाकीची.

घरी तांबं म्हणजे बंब.
पाणी तापवायचं, एवढंच त्याला ठाऊक.
आता या वयात
त्याला उलटं शिकवतोय.

प्रोसेसर अजून लांब, डबीत.
आधी रात्रभर नुसतं पाणी फिरवायचं,
खाली परातीत कालचा पेपर.

पहाटे बोटानं चाचपला:
कोरडा, कोरडा,
आणि "आयर्विनपाशी पातळी स्थिर" या ओळीवर
रुपयाएवढा ओला डाग.

पाना घेतला.
डावा स्क्रू, पाव आटा.
पेपर नवा.