जॉबर

अडतीस.
अडीचपासून मॉनिटरवर तेवढंच.
वरचा कप्पा हाक देतो, वेळेवर, शहात्तर;
खालचा ऐकतो एक सोडून एक.

बेड नऊ. राजय्या कमटम, एकाहत्तर.
अशोक चौकामागं चाळीस वर्षं जॉबर,
दुसऱ्यांचे माग दुरुस्त करत.
"माझाच की ओ हा आवाज, सिस्टर?
धोटा एक खेप रिकामाच जायला लागलाय."

"आयसोप्रिनलिन लावा," रेसिडेंट म्हणाले.
मी थेंब मोजू लागले.
कुत्रं मागं लागल्यावर अंगात जे धावतं
त्याचंच भावंड, बाटलीतलं.

वरचा कप्पा पेटला.
नव्वद. एकशे आठ.
खाली? दोन हाका वाया, तिसरीला ओ.
छत्तीस.

राजय्या डोळे मिटूनच बोलले,
"मोटर वाढवू नका की ओ.
धागा तुटला की आधी माग थांबवायचा."

रेसिडेंटनी कागदाची पट्टी उजेडात धरली,
बराच वेळ.
"गाठीच्या खाली अडलंय," पुटपुटले.
गाठीवर चाललं असतं हे औषध,
गाठीखालच्या वाटेला ते कळतच नाही;
वरून नुसती घाई.

"ड्रिप बंद. तात्पुरती तार टाकू या."
मी रोलर फिरवला.
बाहेर बाकावर त्यांची सून
सेकंडच्या चादरीत गुरफटून झोपलेली.
ट्रॉली तिच्यापाशी क्षणभर अडखळली.

लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं,
"तार कितीच्या काउंटची?"
रेसिडेंट माझ्याकडे बघू लागले.

माझी आई कांड्या भरायची,
काउंट म्हणजे काय, मला ठाऊक होतं.
तारेचा तेवढा ठाऊक नव्हता.