एक जून

गांधी तलावाच्या पायरीवर टेबल, टेबलावर टॅब,
टॅबवर ऊन. काही दिसत नाही.
ओढणीची सावली धरून वाचते:
स्वयंसेवक नोंदणी, सुधारित योजना. रकाने एकोणीस.

आधी वही होती.
वर्षाचे एकशेवीस तास मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
सर एकाच निळ्या पेनने भरून घ्यायचे,
आणि साठ पोरींनी एकाच दुपारी
एकाच कडुनिंबाला पाणी घातलेलं असायचं.
बंद झालं ते बरं झालं, मी सरांना म्हणालेसुद्धा.
सर हसले नाहीत.
आता घड्याळ अ‍ॅपमध्ये.
घाटाच्या हद्दीबाहेर चहाला गेलं
की थांबतं.

चिंतामण कहार येतात.
ओली चड्डी, खांद्यावर टॉवेल, टाचांतून पाणी.
‘ताई, आमचं नाव घाला म्हणे यात.
नाहीतर पर्वणीला गंगेत उतरू देणार नाहीत.’

रकाना सात. पूर्वानुभव, तासांत.
ते पाण्याकडे बघतात.
‘तास कसले? बुडायला तीन-चार मिनिटं पुरतात.
काढायलाही तेवढीच.
तो येवल्याचा पोरगा, नाकातोंडात पाणी
आणि मोबाइल तेवढा वर धरलेला.
त्या सासू-सुना. एकमेकींना अशा धरून होत्या,
सोडवण्यातच वेळ गेला.’
मग आवाज उतरतो.
‘अन् जे तसेच वर आले, ते यात धरायचे का?
त्यांना तास लागतात, ताई.
एकाला तीन दिवस. होळकर पुलाखाली, कपारीत.’

मशीन एकच आकडा घेतं.
मी नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव टाकते. लाल.
नऊशे नव्व्याण्णव. हिरवं.

प्रशिक्षण कुठे घेतलं?
‘बापाने ढकललं.’
पर्यायांत प्रथमोपचार, योग, संगणक, इतर.
इतर. तपशील पन्नास अक्षरांत:
बापाने ढकललं. बसतं.

रकाना अकराला ते टेबलावर वाकतात.
विमा दोन लाख. वारस कोण?
‘हे खरं देतील?’
लिहिलंय, मी म्हणते. एवढंच मला माहीत आहे.
‘सुलोचना नाही हो, सुलक्षणा. नीट बघा.
तीस वर्षं विचारतेय,
तुम्हीच नाही वर आलात तर मी कुणाच्या दारात जाऊ?’
नाव पुन्हा वाचायला लावतात.
अजून एकदा.
मघापासून मी या योजनेला मनात शिव्या घालत होते,
त्या तेवढ्यापुरत्या थांबतात.

जन्मतारीख.
‘एकोणसत्तरचा पूर. दुतोंड्या मारुती दिसेनासा झालता,
तेव्हा आई माझ्या कळा देत होती, कुणाच्या तरी माडीवर.’
मी बोटांवर मोजते. मग पुन्हा मोजते.
पंचावन्नच्या वरचा अर्ज मशीन
पुढच्या पानावर जाऊच देत नाही.
समोर नदी, नदीत कमरेएवढी गर्दी,
आणि माझ्यासमोर एक करडं बटण.

ते पिशवीतून आधार काढतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.
एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
‘गुरुजींनी लावली. आमचा अख्खा वर्ग
एकाच दिवशी जन्मला.’
मी काही बोलत नाही.
एक. जून. चौऱ्याहत्तर.
करडं बटण निळं होतं.

शेवटी अंगठा.
मशीन पुसते, त्यांचा अंगठा पुसते, दाबते.
ओळख पटली नाही.
पुन्हा. ओळख पटली नाही.
पहाटेपासून पाण्यात राहून सुरकुतलाय,
धुतलेल्या मनुक्यासारखा. रेषाच नाहीत.
‘वाळू द्या,’ ते म्हणतात,
आणि पायरीवर बसतात, अंगठा उन्हात धरून,
डोळे रामकुंडाकडे.

माझं घड्याळ चालू आहे. आजचे
दोन तास बारा मिनिटं.
रांगेतला मागचा माणूस कुरकुरतो.
मी विचारते, काका, तेवढ्यात कुणी बुडायला लागलं तर?

‘मग परत ओला होईल की.’